जीई कम्युनिटी कॉलेजात करून मग यूसीत: शहाणपण की काटकसरीचा हट्ट?

मुक्काम सनीवेल

गेल्या महिन्यात एका मुंजीत जेवायच्या रांगेत उभा होतो. पुढच्या काकूंनी विचारलं, "तुमचा मुलगा कुठे असतो हो शिकायला?" म्हटलं, "इथेच, कम्युनिटी कॉलेजात." काकूंचा श्रीखंडाचा डाव हवेतच थांबला. "अगं बाई! मार्क कमी पडले का?"

रांगेत बोलता आलं नाही ते इथे बोलतो. कॅलिफोर्नियात राहत असाल आणि मुलांना यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, घालायचं असेल, तर पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, काढण्यात कमीपणा तर नाहीच, उलट मला तोच शहाणपणाचा रस्ता वाटतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. इथे पदवीला मुख्य विषय कुठलाही घ्या, त्याच्या जोडीला इंग्रजी लेखन, गणित, कला, सामाजिक शास्त्रं, विज्ञान असे ठरावीक विषय सगळ्यांना करावेच लागतात. त्यांना जनरल एज्युकेशन म्हणतात, बोलताना नुसतं जीई. कॅलिफोर्नियात २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे शरद ऋतूतल्या सत्रापासून, नव्याने येणाऱ्यांना कॅल-जीईटीसी नावाचा एकच नमुना आहे: ११ कोर्स, ३४ सेमिस्टर युनिट, प्रत्येकात निदान सी. ते झालं की यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोन्हीकडे पहिल्या दोन वर्षांचं जीई पुरं धरतात. एका युनिटची फी ४६ डॉलर. म्हणजे सगळं जीई १,५६४ डॉलरमध्ये. यूसीची एका वर्षाची नुसती ट्यूशन १५ हजारांच्या घरात आहे, राहणं-खाणं धरलं तर ४० हजारांच्या पुढे. पुन्हा पदवीच्या कागदावर नाव यूसीचंच येतं.

मी स्वतः डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेला माणूस आहे. वर्गात आम्हाला 'डिप्लोमावाले' म्हणून हिणवायचे आणि वर्कशॉपमध्ये आमच्याच मागे येऊन उभे राहायचे. काकूंच्या चेहऱ्यावर मला तोच वर्ग दिसला.

हिशेबनीस

गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकलाय. राज्याच्या ऑडिटरचा २०२४ चा अहवाल आहे: पुढे विद्यापीठात ट्रान्सफरच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत खरोखर ट्रान्सफर झाले ते साधारण पाचात एक. दोन नाही, चार वर्षांत! बाकीचे चार कुठे गेले, हे मुंजीच्या जेवणात कोणी सांगत नाही. एक वर्ष जास्त लागलं तर पहिल्या नोकरीचा एक वर्षाचा पगार बुडतो. तो तुमच्या १,५६४ च्या शेजारी लिहा आणि मग बेरीज करा.

मुक्काम सनीवेल

त्या पाचांत दिवसा नोकरी करून रात्री एकेक कोर्स करणारे आहेत, लहान मुलं सांभाळून शिकणारे आहेत, मधेच शिक्षण सोडावं लागलेले आहेत. आपली मुलं घरी राहतात, आयतं जेवतात आणि पूर्णवेळ शिकतात. तो आकडा त्यांना कसा लावता?

हिशेबनीस

मग हे यश कॉलेजचं नाही, तुमच्या घरच्या वरणभाताचं आहे. तसं लिहा की, माझं काही म्हणणं नाही.

चिंचबन

माझी मुलगी हे सगळं करून गेली आहे, म्हणून लिहिते. जीईच्या क्रेडिट्सनी आम्हाला कधी दगा दिला नाही. एकूण एक पुढे धरली गेली. दगा दिला तो "आधी जीई उरकून घे" या सल्ल्याने.

तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. कॉलेजचं नाव घेत नाही. काउन्सेलर बाई फार गोड होत्या, वीस मिनिटांची भेट. त्यांनी जीईचा छापील तक्ता पुढे ओढला आणि पिवळ्या मार्करने रकाने रंगवायला लागल्या. हा घे, हा सोपा आहे, हा ऑनलाइन मिळतो. पहिल्या वर्षी मुलीने सिनेमा, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र, इंग्रजीचे दोन असं सगळं केलं. सगळीकडे ए. आम्ही खूश! तो पिवळा तक्ता फ्रीजवर लावला होता.

दुसऱ्या वर्षी फिजिक्स घ्यायला गेली तर त्याच्याआधी कॅल्क्युलस हवं. एक कॅल्क्युलस झाल्याशिवाय पुढचं मिळत नाही, पहिलं फिजिक्स झाल्याशिवाय दुसरं मिळत नाही. चार सेमिस्टरची साखळी आणि हातात दोनच. तिसरं वर्ष तिथेच लागलं. वर तिला जिथे जायचं होतं त्या इंजिनिअरिंग विभागाला जीईचा पूर्ण नमुना नकोच होता. त्यांचं म्हणणं, आधी गणित-फिजिक्स पुरं करा, जीईचं उरलंसुरलं इथे येऊन केलंत तरी चालेल. हे असिस्ट डॉट ऑर्ग या कोर्सजुळणीच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. आम्ही ते उघडलं मुलगी एकोणीस वर्षांची झाल्यावर.

म्हणून कोणाची मुलं इंजिनिअरिंग किंवा सायन्सला जाणार असतील तर जीईचा तक्ता फ्रीजवर नका लावू. गणिताची साखळी लावा. जीई फटीफटीत बसतं.

पेठकर

पुण्याहून एक शंका. आमच्याकडेही २०२१ पासून अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलेली आहे. भाचीच्या खात्यात क्रेडिट्स अगदी छान दिसतात, बँकेसारखीच. पण तिने दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हटलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "सिलॅबस मॅच होतो का?" मग तुमच्याकडे हे इतकं बिनबोभाट कसं चालतं? की तुम्ही आम्हाला नुसतं गोड गोड सांगताय?

मुक्काम सनीवेल

पेठकर, सिलॅबस मॅच होतो का हे इथे विद्यार्थ्याने जायच्या आधीच ठरलेलं असतं. असिस्टवर तुम्ही तीन गोष्टी निवडता: कुठल्या कॉलेजातून, कुठल्या यूसीत, कुठल्या वर्षी. डाव्या हाताला यूसीला हवा असलेला कोर्स, उजव्या हाताला तुमच्या कॉलेजातला त्याच्या बरोबरीचा. समोर काही नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. तो करार दोन्ही बाजूंच्या प्राध्यापकांनी बसून केलेला असतो, तुमच्या भाचीने खिडकीवर हुज्जत घालायची वेळ येत नाही.

आणि ही आजकालची टूम नव्हे. कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाचा १९६० चा मास्टर प्लॅन, क्लार्क केर यूसीचे अध्यक्ष असतानाचा. शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशाला स्टेट कॉलेजं (आजची सीएसयू) आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. पहिल्या दोन वर्षांची गर्दी मुद्दाम इकडे वळवायची होती. म्हणजे आपण ज्याला मागचं दार म्हणतो ते त्यांनी घर बांधतानाच काढलेलं आहे.

फ्रिस्कोकर

कॅलिफोर्नियावाल्यांचं कौतुक ऐकून झालं असेल तर टेक्ससचं सांगतो. आमच्याकडे ४२ क्रेडिट-तासांचा कोअर, म्हणजे तुमचं जीई. एका सरकारी कॉलेजात तो पुरा केला की राज्यातल्या कुठल्याही सरकारी विद्यापीठात एकगठ्ठा धरतात. कोर्सचे नंबरही बहुतेक ठिकाणी सारखे, इंग्रजीचा पहिला म्हणजे १३०१, मग कॉलिन कॉलेजात घ्या नाहीतर ह्यूस्टनला. तुमच्याकडे ११६ कॉलेजं आणि त्याच कोर्सला ११६ नावं!

चिंचबन

आता इथेही सुरू झालंय. २०२५ च्या फॉलपासून काही कोर्सना सगळीकडे एकच नंबर, इंग्रजीचा सी१०००, मानसशास्त्राचाही सी१०००. हळूहळू बाकीचे येतील. आमच्या वेळी नव्हतं, हे आलंच ओघाने.

आंबटगोड

मी एका विद्यापीठात साहित्य शिकवते, त्यामुळे माझं मत कडू लागेल. वर सगळ्यांनी मिळून एकच क्रियापद वापरलंय: उरकणे. भांडी उरकावीत, श्रावणी सोमवार उरकावा. अठराव्या वर्षी तत्त्वज्ञान उरकायचं? ज्या मुलाने नीतिशास्त्राचा कोर्स "सोपा आहे, ऑनलाइन मिळतो" म्हणून घेतला, त्याच्या हाती युनिटं आली, बाकी काय आलं? जीईची कल्पनाच अशी की इंजिनिअर होणारा मुलगा इतिहासवाल्याच्या शेजारी बसावा आणि वाद रात्री वसतिगृहात पुढे चालू राहावा. तुम्ही त्यातला वर्ग घेतलात, वसतिगृह टाकून दिलंत आणि म्हणता स्वस्तात पडलं.

काजूकतली

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, आई तपासून देते आहे. मी कम्युनिटी कॉलेजमधून यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला ट्रान्सफर झाले, आता सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाला आहे.

आंबटगोड मावशी, माझ्या नीतिशास्त्राच्या वर्गात तीस-पस्तीस जण होते. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे काका बसायचे, रात्री बस चालवायचे आणि सकाळी आठला वर्गात. एकदा "खोटं बोलणं कधी योग्य असतं" यावर चर्चा होती. आम्ही सगळे पुस्तकातली उदाहरणं देत होतो. काका म्हणाले, काल रात्री एका बाईकडे तिकिटाचे पैसे नव्हते, मी मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. मग अर्धा तास कोणी पुस्तक उघडलं नाही. डेव्हिसला माझा पहिला मोठा लेक्चर हॉल होता त्यात शेकडो मुलं होती, आणि प्रश्न विचारायचा तर टीएच्या, म्हणजे मदतनीस शिक्षकाच्या, सेक्शनमध्ये.

पण हिशेबनीस काकांचंही थोडं खरं आहे. डेव्हिसला क्वार्टर, म्हणजे एक सत्र, दहा आठवड्यांचा असतो. चौथ्या आठवड्यात मिडटर्म, तोपर्यंत मला लायब्ररी सापडली नव्हती. लॅबमध्ये काम मागायला गेले तर बाकीच्यांची प्रोफेसरांशी फ्रेशमनपासूनची, म्हणजे पहिल्या वर्षापासूनची, ओळख. मला दोन वर्षांचं काम दोन क्वार्टरमध्ये करावं लागलं. जीपीए शून्यापासून सुरू होतो, आधीचे ए त्यात धरत नाहीत. पहिल्या क्वार्टरला मी खूप रडले (आई म्हणते हे लिहू नको, पण लिहिते).

हिशेबनीस

शाब्बास पोरी. या धाग्यावर पहिल्यांदाच कोणीतरी दोन्ही रकाने भरले.

आता मुक्काम सनीवेल, टॅगचं बोला, म्हणजे ट्रान्सफरवाल्यांना आधीच मिळणाऱ्या प्रवेशाच्या हमीचं. सगळे "गॅरंटी आहे, गॅरंटी आहे" म्हणतात. यूसीच्या पदवी शिकवणाऱ्या नऊ कॅम्पसपैकी ती सहा ठिकाणी आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो नाही. त्यातही काही ठिकाणी इंजिनिअरिंगसारखे भाव खाणारे विषय वगळलेले. मुंजीत सांगायला नेमकी ती तीनच नावं लागतात, हो ना?

मुक्काम सनीवेल

लागतात. खोटं कशाला बोलू? पण बर्कली आणि लॉस एंजेलिसलाही दर वर्षी ट्रान्सफरची मुलं मोठ्या संख्येने घेतात, फक्त आधी शब्द देत नाहीत. फ्रेशमन म्हणून अर्ज केला तरी कोण शब्द देतं?

चिंचबन

एक राहिलं. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेणाऱ्यांनी जपून. फी माफ असते म्हणून लोक दहावीपासून मुलांना ढकलतात. तो ग्रेड कायमचा कॉलेजचा ग्रेड असतो. पुढे मेडिकलला जायचं ठरलं तर अर्जात कॉलेजातला प्रत्येक ग्रेड मोजतात, पंधराव्या वर्षी हौसेने घेतलेल्या खगोलशास्त्रातला सीसुद्धा. आमच्या ओळखीत एक आहे, त्याची आई अजून त्या दुर्बिणीकडे रागाने बघते.

आंबटगोड

काजूकतली, तुझ्या बसवाल्या काकांपुढे मी हात टेकले. असा वर्ग मला शिकवायला मिळाला तर वसतिगृहाचा हट्ट सोडते. पण 'उरकणे' मागे घ्या, एवढी अट आहे.

मुक्काम सनीवेल

घेतलं मागे. त्यातून ते क्रियापद सध्या माझ्याच घरात महाग पडतंय. चिरंजीवांनी मधे एक वर्ष ब्रेक घेतला. सलग शिकत असता तर जुना आयजीईटीसीचा नमुना चालला असता, त्यात यूसीसाठी भाषणाचा कोर्स लागत नव्हता. ब्रेकनंतर नवा नमुना लागू झाला आणि त्यात तो सगळ्यांना सक्तीचा. पठ्ठ्या ऑर्डर द्यायलासुद्धा फोन करत नाही, हातात अ‍ॅप! त्याने भाषणाचा कोर्स ऑनलाइन घेतला, म्हटलं सुटलो. तर नियम असा निघाला की भाषणाच्या व्हिडिओत समोर पाच प्रौढ श्रोते दिसले पाहिजेत, आणि व्हिडिओ मधे कापायचा नाही. गेल्या शनिवारी शेजारचे दोघे, मी, ही आणि मुंजीतल्या त्याच काकू अशी पाच डोकी सोफ्यावर बसवली. तिसऱ्या मिनिटाला काकूंना राहवलं नाही, "अरे मोठ्याने बोल की जरा!" पुन्हा पहिल्यापासून.

या शनिवारी दुसरं भाषण आहे. काकू बाद. एक श्रोता कमी पडतोय.

हिशेबनीस

मी मिलपिटासला असतो. विषय काय आहे?

मुक्काम सनीवेल

कॉलेजचा खर्च.

हिशेबनीस

पोहे असतील तर येतो. मधे बोलणार नाही, पण शेवटी आकडे तपासून घेईन.