ग्राफिक नॉव्हेल वाचणं हे 'वाचन' नाही का?

अबोली_पुणे
माझी मुलगी आठवीत आहे. महिन्याभरात काय वाचलं ते लिहायची एक वही शाळेत तपासली जाते. या वेळी तिनं 'भीमायन' लिहिलं. वही परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल काट होती आणि बाजूला शेरा: "चित्रांची पुस्तकं धरली जाणार नाहीत."

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. 'नवयान' प्रकाशनानं २०११ मध्ये काढलेलं हे इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांतून सांगितलेली पुस्तकभर गोष्ट, बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींवर उभं आहे. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. दुप्पट भाडं कबूल केल्यावर बैलगाडी मिळते, पण वाटेत पाणी कोणी देत नाही. डबा भरलेला असूनही मुलं उपाशी झोपतात.

चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची आहेत. माणसांना चौकोनात कोंबायचं नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, त्यामुळे पानं मोकळी आहेत. संवाद ज्या फुग्यांत लिहितात तेही वेगळे: मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, लागेल असं बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आणि मनातल्या विचाराला डोळा. हे मला मुलीनं दाखवलं. मी नुसते शब्द वाचत पुढे गेले होते. मग वाचलं कोणी, तिनं की मी?

जुनीपाटी
अबोलीताई, एकतीस वर्षं मराठी शिकवलं आहे, म्हणून बोलतो. लाल काट मारायला नको होती. पण त्या शिक्षकांची काळजी खोटी नाही. आठवीतल्या मुलाला दहा ओळींचं एक वाक्य दिलं तर कर्ता कुठे नि क्रियापद कुठे हे सापडत नाही, इतकी सवय मोडली आहे. फुग्यात मावतं ते बोलणं. वर्णन, तर्क, एखाद्या विचाराचा लांब पल्ला हे फुग्यात मावत नाही आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी हा दम तयार झाला नाही तर पुढे होणं अवघड.

दुसरं, चित्र एकदा मनावर ठसलं की निघत नाही. मी लहानपणी 'अमर चित्रकथा' मराठीतून वाचल्या. आज साठी उलटली तरी माझा अभिमन्यू त्याच चित्रातला आहे. माझा स्वतःचा अभिमन्यू कधी तयारच झाला नाही.

रेघोटी
सर, मी चित्रकार आहे आणि तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण पटतो. त्या चित्रांत राक्षस काळे आणि नायक गोरे असत, तेही आपल्या मनावर ठसलंच. पण म्हणूनच मुलांना चित्र *वाचायला* शिकवायला हवं. हे कोणी काढलं, असंच का काढलं, काय काढलं नाही. दिवसभर चित्रं बघणाऱ्या पिढीला हे आपण कुठे शिकवतो?

आणि कल्पनाशक्ती बसून राहते हे मात्र मान्य नाही. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. मधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडलं ते कोणी काढलेलं नसतं, ते वाचणाराच घडवतो. आम्ही सगळ्यात जास्त विचार त्या कोऱ्या पट्टीचाच करतो.

शिवाय ही आपल्याकडे परकी गोष्ट नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले आहेत.

जुनीपाटी
पिंगुळीचा दाखला उत्तम, पण तो माझ्या बाजूचा आहे. तिथे चित्राच्या मागे गाणारा, सांगणारा माणूस असतो. भाषा कानावर पडत असते, तीही भरघोस. चित्र एकटं नसतं.

न्यूजर्सीकर
इथल्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या विभागात ग्राफिक नॉव्हेलची कपाटंच्या कपाटं आहेत आणि सगळ्यात जास्त विस्कटलेली तीच असतात. २०२० मध्ये 'न्यू किड' या ग्राफिक नॉव्हेलला न्यूबेरी पदक मिळालं. बालसाहित्यातला हा इथला फार मोठा मान, आणि तो या प्रकाराला प्रथमच मिळाला.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. दहाव्या वर्षापर्यंत त्यानं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. पहिलं पूर्ण केलं ते चित्रांचं होतं. त्या रात्री तो पुस्तक उशीखाली घेऊन झोपला. "हे धरलं जाणार नाही" असं त्या वेळी कोणी म्हटलं असतं, तर त्यानं दुसरं हातात घेतलंच नसतं.

सह्यकडा
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. चित्रं आहेत म्हणजे मुलांचंच, असं समजून पालक काहीही हातात देतात. 'माउस' बघा. ज्यूंच्या संहाराची गोष्ट, ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं. १९९२ चं विशेष पुलित्झर मिळालेलं थोर काम आहे, पण त्यात फासावर लटकलेली माणसं आहेत, आईची आत्महत्या आहे. शब्दांत वाचताना मूल स्वतःला झेपेल एवढंच डोळ्यांसमोर आणतं. चित्र ती सवलत देत नाही. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका जिल्ह्याच्या शाळा मंडळानं ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं, तेव्हा जगभर टीका झाली. पालक म्हणून मला त्यांची बाजू थोडी समजते.

न्यूजर्सीकर
मंडळानं पुढे केलेली कारणं काय होती? काही शिव्या आणि एक नग्न आकृती. छळछावणीच्या गोष्टीत खटकायला हवं ते हे? तुमची 'सवलती'ची गोष्ट खरी आहे, पण त्यावर उपाय म्हणजे मुलाच्या शेजारी बसून वाचणं. आम्ही तसंच वाचलं, रोज थोडी थोडी पानं.

सह्यकडा
शेजारी बसून, हे मान्य. एकट्याच्या हातात नको, एवढंच माझं म्हणणं.

रेघोटी
मराठीत किशोरांसाठी असं किती निघतं, हेही बोलायला हवं. रंगीत छपाई महाग, दोनशे पानं काढायला चित्रकाराची दोन-तीन वर्षं जातात आणि मिळणारे पैसे सांगण्यासारखे नसतात. 'चिंटू' १९९१ पासून लोकांनी डोक्यावर घेतला, म्हणजे वाचक नाही असं कोणी म्हणू नये. लांब पल्ल्याची गोष्ट मात्र मुलं इंग्रजीतच वाचतात, कारण ती तिथे मिळते.

अबोली_पुणे
सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. मुलीनं फुगा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "आई, याला स्कॉर्पिअनचं ते मागचं आहे." शब्द तिला ठाऊक नव्हता. मी म्हटलं, नांगी. तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिला. आता वहीत तिनं ती ओळ पुन्हा लिहिली आहे आणि खाली दीड पान मराठीत जोडलं आहे. त्यात 'नांगी' चार वेळा आलाय.

जुनीपाटी
दीड पान लिहिलं? मग ती ओळ धरायलाच हवी, मी मागे घेतो. पण ताई, तो शब्द पुस्तकानं नाही दिला, तुम्ही दिलात. मसूर, गोरेगाव, सातारा, सगळं आपलं, आणि पोर ते इंग्रजीतून वाचते, याचं मला वाईट वाटतं. ते दीड पान इथे टाकता येईल का? वाचायचं आहे.