जीपीए २.८ आणि डेंटल स्कूल : पोरीला आणखी एक वर्ष द्यावं का?

जर्सीची_काकू : लेक यंदा इथे अमेरिकेत बायॉलॉजी घेऊन पदवीधर झाली. १२० क्रेडिट्स, जीपीए (४ पैकी सरासरी) २.८. पहिली अडीच वर्षं पाण्यात गेली (ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डी, परत घेऊन ए), शेवटची तीन सेमिस्टर मात्र ३.७. आता वर्षभर पोस्ट-बॅक (पदवीनंतर पुन्हा पदवी पातळीचेच विषय) करून, डॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन डेंटलला अर्ज करणार म्हणते. नवरा म्हणतो, पुरे झालं. मला वाटतं, एक संधी द्यावी. तुमचं काय मत?

हिशेबनीस : काकू, पाटी-पेन्सिल घ्या. १२० गुणिले २.८ म्हणजे ३३६. पोस्ट-बॅकचे ३० क्रेडिट्स, सगळीकडे ए (म्हणजे ४) धरला तर आणखी १२०. एकूण ४५६, भागिले १५०. उत्तर ३.०४! रक्त आटवून, एकही बी न पडता, फक्त ३.०४. तिथे निवड होणाऱ्यांची सरासरी ३.५ च्या वर असते. आणि हा २.८ कॉलेजचा की एएडीसॅसचा? अर्जाची ती केंद्रीय सेवा परत घेतलेल्या विषयाचे दोन्ही ग्रेड मोजते. कॉलेजने डी वगळला असेल, तर खरा आकडा आणखी खाली.

जर्सीची_काकू : कॉलेजचाच. हे माहीत नव्हतं हो.

अक्कलदाढ : हिशेबनीस, गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. अर्जात नुसता एकच आकडा जात नाही. सायन्सचा वेगळा दिसतो, वर्षवार वेगळा दिसतो. २.२ वरून ३.७ वर चढलेली मुलगी आणि चारही वर्षं २.८ वर रेंगाळलेला मुलगा, हे दोघं सारखे कसे? माझा २.९ होता. पहिल्या वर्षी अकरा ठिकाणी अर्ज, एकही मुलाखत नाही. मग एक वर्षाचं मास्टर्स केलं. त्याचा जीपीए वेगळा धरतात, जुना तसूभरही हलत नाही, पण दुसऱ्या खेपेला लागले. आज आरशातली उलटी प्रतिमा बघत वरच्या दाढेला क्राउनसाठी आकार देते, तेव्हा माझा २.९ कुणी विचारत नाही.

हिशेबनीस : तुम्ही लागलात म्हणून इथे लिहिताय. न लागलेले कशाला येतील सांगायला? शिवाय तुमच्या वेळी सरकारी कर्ज पाहिजे तेवढं मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस, म्हणजे तेच सरकारी कर्ज, बंद. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख, बस्स. कित्येक खाजगी डेंटल स्कूलचा चार वर्षांचा खर्च ४ लाखांच्या पुढे जातो. उरलेल्या खाजगी कर्जावर सही कुणाची? काकांची. त्यांचं ‘पुरे झालं’ मला कळतं.

पुणेरी_बीडीएस : गंमत आहे. आमच्याकडे बीडीएसला सगळा खेळ नीटचा. बारावीत ठरलेले किमान टक्के पडले की बाकी त्या एका दिवसावर. तिकडे अठराव्या वर्षी केलेला आळस पंचविशीपर्यंत पाठ सोडत नाही. क्रूर कोणतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्कलदाढ : कर्जाचा मुद्दा मान्य, तो कळीचा आहे. म्हणूनच काकू, मास्टर्सच्या फीत उडी नको. आधी सरकारी कॉलेजात पोस्ट-बॅकचे दोन-तीन अवघड विषय, बायोकेम धरून. तिथे बी आला तर तिथेच थांबा. आणि डॅटचे जुने सल्ले वाचू नका. मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० मध्ये देतात, तिसातले आकडे बाद.

हिशेबनीस : ‘तिथेच थांबा’ हे आधी पोरीकडून वदवून घ्या. दर वर्षी ‘एकदाच’ म्हणत तीन वर्षं गेलेला भाचा आहे माझा.

जर्सीची_काकू : काल रात्री तिला ३.०४ चं गणित दाखवलं. म्हणाली, “आई, ते मला केव्हाचं पाठ आहे.” बायोकेमची फी भरायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. नवऱ्याने अजून कार्ड दिलेलं नाही, पण ते ग्रॅड प्लसचं पान उघडून बसलेत.