मदत हवी आहे: परत मागवलेल्या गोळ्या, उडालेला विश्वास आणि बाळाची राहिलेली लस

नमस्कार मंडळी,

माझ्या भावाचं बाळ नऊ महिन्यांचं झालं. गोवराच्या लसीची वेळ आली आणि वहिनीने पाय मागे घेतला. कायमचा नाही. "आधी मला नीट समजू दे, मग बघू," एवढंच ती म्हणते. याआधीच्या सगळ्या लसी तिने स्वतः तारखा लक्षात ठेवून दिल्या आहेत. मधल्या काळात लसीचं काहीच बिनसलेलं नाही. बिनसलं ते तिच्या वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं.

त्या गोळ्यांच्या काही बॅच कंपनीने बाजारातून परत मागवल्या. गोळीत असायला नको ती अशुद्धी सापडली होती. वहिनीला हे कळलं ते कुणीतरी पुढे पाठवलेल्या मेसेजवरून, तेही बऱ्याच उशिरा. ती घरातल्या सगळ्या स्ट्रिप घेऊन बॅच नंबर जुळवायला बसली. नंबर आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या एकाच कडेला ठसवलेली असते. एका स्ट्रिपची ती कड कापून गेलेली, कारण गोळ्या सुट्या घेतलेल्या. दुसरीवर नंबर होता, पण गोळी काढताना फॉइल फाटलं आणि शेवटचे दोन आकडे त्यात गेले. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला तर पलीकडून एकच वाक्य, "मॅडम, बॅच नंबर सांगा." नंबर नाही म्हटल्यावर, "मग आम्हाला काही सांगता येणार नाही." वडील ठणठणीत आहेत. पण त्यांच्या पोटात गेलेल्या गोळ्या त्यातल्याच होत्या की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही.

तेव्हापासून तिचा एकच प्रश्न आहे: "गोळीच्या वेळी यांनी असे हात झटकले, लसीच्या वेळी झटकणार नाहीत कशावरून?"

एक विनंती आधीच करते. "शिकलेली असून असं कसं" छापाचे प्रतिसाद कृपया देऊ नका. तिची शंका मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. तिला उत्तर द्यायचं म्हणून मी जुनी प्रकरणं वाचायला घेतली, आणि कंपन्यांवरचा तिचा राग रास्त आहे असंच माझं मत झालं. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध, जे गरोदर स्त्रियाही घेत होत्या, 1957 साली पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, 1961 च्या अखेरीस मागे घेतलं गेलं, दहा हजारांहून जास्त मुलं व्यंग घेऊन जन्मली. आणि ते बनवणाऱ्या ग्रुनेन्थाल कंपनीने माफी मागितली ती 2012 साली. मर्कचं व्हायॉक्स हे वेदनाशामक 1999 साली बाजारात आलं. हृदयविकाराच्या झटक्यांची शंका 2000 सालच्याच अभ्यासात डोकावली होती, औषध मागे घेतलं 2004 च्या सप्टेंबरात. जनरल मोटर्सच्या गाड्यांचा इग्निशन स्विच चालत्या गाडीत बंद पडायचा आणि मग एअरबॅग उघडत नसत. कंपनीतल्या काही जणांना हे जवळजवळ दहा वर्षं ठाऊक होतं. गाड्या परत मागवल्या 2014 साली, आणि नुकसानभरपाईच्या निधीने 124 मृत्यू त्या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. ताकाता कंपनीने तर एअरबॅगच्या चाचण्यांचे आकडेच फिरवले होते, 2017 साली तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

हे सगळं वाचल्यावर "कंपनीवर विश्वास ठेव" असं वहिनीला कोणत्या तोंडाने सांगू?

वाचताना एक गोष्ट मात्र लक्षात आली. माल परत मागवला म्हणजे कंपनी लबाड, असं सरसकट म्हणता येत नाही. 1982 साली शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं आणि सात माणसं दगावली. विष कारखान्यात मिसळलेलं नव्हतं. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत घेतल्या. सील फोडल्याचं दिसेल असं वेष्टण त्यानंतरच रूढ झालं. माल परत आला यापेक्षा दोष पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला आणि त्यानंतर किती काळ तो दाबून ठेवला गेला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हीच फूटपट्टी मी लसींना लावून पाहिली.

1955 सालचं कटर प्रकरण वहिनीनेच माझ्यापुढे ठेवलं होतं. अमेरिकेत 12 एप्रिलला साल्क यांच्या पोलिओ लसीला परवाना मिळाला. कटर लॅबोरेटरीज या कंपनीच्या काही लॉटमध्ये, म्हणजे बॅचमध्ये, विषाणू पूर्ण मेलेला नव्हता. गाळात अडकलेल्या विषाणूच्या गुठळ्यांपर्यंत विषाणू मारणारं फॉर्मल्डिहाइड पोचलंच नाही, आणि तेव्हाच्या चाचण्यांत ते सापडलंही नाही. सुमारे 40 हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला. मुलं आणि त्यांच्या संपर्कातले मिळून दीडशेहून जास्त जणांना कायमचा लकवा झाला, दहा जण गेले. भयंकर घटना. पण 27 एप्रिलला ती लस मागे घेतली गेली होती. पंधरा दिवसांत! ज्या दंडात टोचलं त्याच दंडाला लकवा होतोय, हे आरोग्य खात्याच्या माणसांनी नोंदी जुळवून पकडलं.

रोटाशील्ड ही रोटाव्हायरसची लस ऑगस्ट 1998 मध्ये आली. काही बाळांची आतडी एकात एक सरकू लागली. पहिली शंका आली ती जेमतेम 15 नोंदींवरून, त्याही डॉक्टरांनी सरकारी यंत्रणेकडे पाठवलेल्या. जुलै 1999 मध्ये लस थांबली. पुढे हिशोब लागला तो साधारण दहा हजार बाळांमागे एक असा. त्यानंतरच्या दोन रोटाव्हायरस लसींच्या चाचण्या म्हणूनच प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर घ्याव्या लागल्या.

म्हणजे इथे कंपनी सज्जन निघाली असं काही नाही. तिच्यावर डोळा ठेवणारं दुसरं कुणीतरी होतं आणि त्याला लस थांबवायचा अधिकार होता. मला वहिनीला हेच पटवायचं आहे, पण माझ्या तोंडून ते पुस्तकी वाटतं. "तुझे डोळे ठेवणारे तरी कोणाच्या पगारावर आहेत?" हा तिचा पुढचा प्रश्न तयार असतो.

ऑटिझमची भीती तिला नाही. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा 1998 सालचा वेकफील्डचा 12 मुलांवरचा लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला हे तिला माहीत आहे, असा संबंध न आढळलेला डेन्मार्कमधला साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यासही तिने वाचलाय. त्यामुळे तो विषय नको.

मला धास्ती वाटते ती फिलिपिन्ससारखी. तिथे आठ लाखांहून जास्त मुलांना सनोफीची डेंग्यूची लस दिल्यावर, नोव्हेंबर 2017 मध्ये कंपनीने सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लसीने धोका वाढू शकतो. लोक खवळले ते योग्यच. पण "लसी महत्त्वाच्या आहेत" असं ठामपणे म्हणणारे 2015 साली 93 टक्के होते, ते 2018 मध्ये 32 टक्क्यांवर आले. गोवराचं लसीकरण तिथे आधीपासूनच घसरलं होतं, आणि 2019 साली गोवराची मोठी साथ आली. डेंग्यूच्या लसीचा राग सगळ्या लसींवर निघाला. आमच्या घरात रक्तदाबाच्या गोळीचा राग निघतोय.

तर मदत हवी आहे ती अशी: औषध किंवा लस निर्मितीत काम करणाऱ्यांनी सांगावं, लसीचा लॉट बाहेर पडण्याआधी कंपनीबाहेरचं कुणी तो खरंच तपासतं का? आणि टोचायला नेल्यावर आईला स्वतःच्या डोळ्यांनी काही तपासता येतं का? हा दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त मोलाचा आहे. वहिनीला कुणाच्या शब्दावर विसंबायचं नाहीये.

प्रतिसाद: गुणवत्ता विभागातून

मी लसीच्या नाही, गोळ्यांच्या कारखान्यात आहे, पण काही सहकारी लसीकडे गेलेत. फरक मोठा आहे. गोळ्यांची बॅच सहसा कंपनीच तपासते आणि कंपनीच सोडते. सरकारी यंत्रणा कारखान्याची पाहणी करते, बाजारातून नमुने उचलते, पण प्रत्येक बॅच तिच्या हाताखालून जात नाही. लस सजीवांपासून बनते, दोन लॉट तंतोतंत सारखे निघतीलच असं नसतं. म्हणून प्रत्येक लॉटचे कागद राष्ट्रीय नियंत्रण प्रयोगशाळेकडे जातात, बऱ्याचदा नमुनेही जातात, आणि तिने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय तो लॉट बाहेर पडत नाही.

पण वहिनींना अर्धंच सांगू नका. तपासणीत तेच सापडतं जे शोधायला घेतलेलं असतं. 2018 साली वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली. त्याआधी काही वर्षं तो माल सगळ्या चाचण्या पास होत होता, कारण बनवायची पद्धत बदलल्यावर हा पदार्थ तयार होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यामुळे "तपासलंय म्हणजे शंभर टक्के" असं मी माझ्या मालाबद्दलही म्हणणार नाही. गोवराच्या लसीची जमेची बाजू वेगळी आहे: ती 1963 पासून वापरात आहे, आणि इतकी वर्षं इतक्या देशांनी तिच्यावर नजर ठेवली आहे की लपून राहायला जागाच फार थोडी उरली.

प्रतिसाद: लसीकरणाचं काम करणारी परिचारिका

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. बऱ्याच कुप्यांवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. तो चौकोन उष्णतेने गडद होत जातो. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर कुपी चालते. गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती टाकून द्यायची. हे बघायला शिक्षण लागत नाही. सगळ्या कुप्यांवर तो असतोच असं नाही, नसेल तर विचारा.

गोवराची लस पावडर असते. ती त्याच कंपनीने त्याच लसीसाठी दिलेल्या द्रावकात मिसळायची, मिसळल्याची वेळ कुपीवर लिहायची, जास्तीत जास्त सहा तासांनी उरलेली फेकायची. वहिनींना म्हणावं, दोन्ही कुप्या हातात घेऊन नावं वाचा, वेळ विचारा. आम्हाला राग येत नाही. कुणाला आलाच तर येऊ दे.

हे मी सामोआमुळे सांगते आहे. जुलै 2018 मध्ये तिथे दोन बाळं लसीनंतर काही मिनिटांत गेली. लस चांगली होती. द्रावकाऐवजी स्नायू सैल करणारं औषध मिसळलं गेलं होतं. हे उघड होईपर्यंत लसीकरण थांबलं, लोक घाबरले, लसीकरणाचं प्रमाण कोसळलं. 2019 च्या साथीत 5,700 हून जास्त लोकांना गोवर झाला आणि 83 जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. कंपनीचा दोष नसतानाही एवढं झालं. कुपी वाचणारी आई मला म्हणूनच हवीशी वाटते.

प्रतिसाद: दोन मुलांची आई

माझ्या धाकट्याला लसीनंतर ताप चढून झटका आला होता. तसं क्वचित होतं आणि त्यातून मूल बरं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी हातपाय गळाले होते. डॉक्टरांनी माझ्यासमोर फॉर्म भरला, बॅच नंबर लिहिला, आणि नंतर स्वतःहून फोन करून "कसा आहे?" विचारलं. पुढचा डोस मी त्यांच्याकडेच दिला. "लसीने काही होत नाही" असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं असतं तर मी परत गेले नसते. तुमच्या वहिनीला फोनवर जे उत्तर मिळालं त्याने तसंच झालंय. तिला आधी एवढंच म्हणा की ते चुकीचं होतं.

धागाकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद वहिनीला जसेच्या तसे वाचायला दिले, माझं भाष्य न करता. "तपासणीत तेच सापडतं जे शोधायला घेतलेलं असतं" या वाक्यावर ती बराच वेळ थांबली. मला वाटलं आता आणखी बिथरणार, पण तिचं उलट झालं. "हा माणूस मला काही विकत नाहीये," म्हणाली.

कुपीवरच्या चौकोनाचं तिने ऐकलंच नव्हतं. आता ती लस द्यायला जाणार आहे, पण अटी घालून: चौकोन स्वतः बघणार, लस आणि द्रावक दोन्हींच्या लेबलांचे फोटो काढणार, बॅच नंबर बाळाच्या लसीच्या कार्डावर लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. मिसळल्याची वेळही विचारणार. मला या अटी पूर्णपणे पटतात. परिचारिका ताई, सकाळी कुपी नुकतीच उघडलेली असते तेव्हाच जावं का, म्हणजे प्रश्न विचारायला तुमच्यासारख्यांना सवड असेल?

वडिलांच्या गोळ्यांचं आता काही करता येण्यासारखं नाही, पण तिने तिथेही एक पद्धत घातली आहे. नवी स्ट्रिप घरात आली की आधी कडेचा फोटो, मग गोळी. सुट्या गोळ्या घ्यायच्याच झाल्या तर नंबर बिलावर लिहून मागायचा.

अजून एक हवं आहे. लसीनंतर काही त्रास झाल्याची नोंद ज्यांनी स्वतः केली आहे, किंवा डॉक्टरांकडून करवून घेतली आहे, त्यांनी इथे लिहावं: पोच मिळते का? नंतर कुणी संपर्क करतं का? की कागद जातो आणि पुढे काही कळत नाही? वहिनीचा हा शेवटचा प्रश्न उरला आहे आणि त्याचं उत्तर वाईट असलं तरी तिला खरंच हवं आहे.