प्रवासात गर्दीचं स्वस्त चायनीज: बिनधास्त जावं का?

पोटोबा
अनोळखी शहरात पोट सांभाळायचं असेल तर आधी गर्दीचं, स्वस्त चायनीज शोधावं, असं माझं ठाम मत आहे. पदार्थ ऑर्डर दिल्यावर परतला जातो. वोक म्हणजे चिनी कढई २०० अंशांच्या वर तापलेली असते, तुकडे लहान असतात, त्यामुळे दोन-तीन मिनिटांत आतपर्यंत शिजतात. खप मोठा, म्हणून माल पडून राहत नाही. एखाद्या ओस पडलेल्या महागड्या हॉटेलात तोच रस्सा किती वेळा गरम झालाय, हे कोण सांगणार? पथ्य एकच: ऐन जेवणाच्या वेळी जा. दुपारी चारला गेलात तर गर्दीचा काही उपयोग नाही.

भातविरोधी
भाजी समोर परतली जाते हो, पण फ्राइड राइसमधला भात? ताजा गरम भात वोकमध्ये चिकटून गोळा होतो, म्हणून तो आधी शिजवून गार करतात. घोळ तिथेच होतो. बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही तगून राहतात. भात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, बीजाणू रुजतात आणि उलट्या घडवणारं विष तयार होतं. ते विष पुन्हा परतल्याने जात नाही. म्हणजे तुमचे २०० अंश इथे फुकट! त्रास साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतो, म्हणजे नेमका रात्रीच्या बसमध्ये. शिवाय जितकी गर्दी, तितकं पातेलंही मोठं.

पोटोबा
पातेलं मोठं असतं तसं ते संपतंही लवकर. ओस हॉटेलात तोच भात दुसऱ्या दिवशी निघतो.

भातविरोधी
विष तयार व्हायला दुसरा दिवस कशाला उजाडायला हवा? सकाळी शिजवलेला भात दिवसभर शेगडीजवळ राहिला तरी पुरे.

झारा_आणि_आच
भाताबद्दल भातविरोधींचं बरोबर आहे, पण त्यावरून अख्खं हॉटेल बाद करू नका. भात गार कसा केला, यावर सगळं अवलंबून आहे. उथळ ट्रेमध्ये पातळ पसरून ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत आणायचा, असा अमेरिकेच्या फूड कोडचा नियम आहे. स्वयंपाकघर दिसत असेल तर भात फ्रिजमधून येतोय की शेगडीशेजारच्या पातेल्यातून, एवढंच बघा. पातेलं दिसलं तर साधा वाफाळता भात आणि परतलेली भाजी मागवा. राइस कुकरमध्ये ६० अंशांच्या वर गरम धरलेल्या भातात हे जिवाणू वाढत नाहीत. त्याहून निर्धास्त म्हणजे सूप नूडल्स. नूडल्स उकळत्या पाण्यातून निघतात आणि वरून उकळता रस्सा पडतो.

माझा आक्षेप वेगळाच आहे. तळलेल्या चिकनचे तुकडे गर्दीपूर्वी अर्धवट तळून ढीग लावून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा एक डुबकी देतात. बाहेरून कुरकुरीत, आत कच्चट. सगळ्यात जाड तुकडा मधोमध फोडून बघा. सॉसमध्ये बुडवलेला असेल तर ते कळतही नाही. आणि पाच जणांनी एकच पदार्थ सांगू नका. घाईत पाचही प्लेटी एकाच वोकमध्ये पडतात, आच उतरते, भाजीला पाणी सुटतं आणि ती परतण्याऐवजी उकडते. वेगवेगळे पदार्थ मागवा, वाटून खा.

मीठभाकर
अजिनोमोटोचं कुणीच बोललं नाही? डोकं दुखतं ते त्यानेच.

झारा_आणि_आच
हे खूळ १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या वाचकपत्रापासून पसरलं. पोटात अन्न नसताना ३ ग्रॅम किंवा अधिक घेतलं तर काही संवेदनशील लोकांना थोडा वेळ डोकेदुखीसारखा सौम्य त्रास होऊ शकतो. जेवणात घातलेलं प्रमाण एका वाढपात सहसा अर्ध्या ग्रॅमच्याही आत असतं. त्यातलं सोडियम सुमारे १२ टक्के, मिठातलं ३९. घाबरायचंच असेल तर सोया सॉसला घाबरा: एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २०००. लांबच्या प्रवासात घसा कोरडा पडतो तो यामुळे. सॉस कमी घालायला सांगा, रस्सा तळापर्यंत पिऊ नका.

शेंगदाणा_नको
अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना "बिनधास्त" म्हणणं मात्र बेजबाबदार आहे. दोन ऑर्डरींच्या मध्ये वोक साबणाने घासत नाहीत. पाणी ओतून ब्रशने झटकतात. आधीच्या पदार्थात शेंगदाणे असतील तर अंश पुढच्या प्लेटीत येतो. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शाकाहाऱ्यांनीही "मांस नको" म्हणून थांबू नये. ऑयस्टर (कालवांचा) सॉस, कोंबडीचा स्टॉक, डुकराची चरबी ही तिन्ही नावं घेऊन विचारावं. मापो तोफूत (तिखट रस्स्यातल्या सोया पनीरमध्ये) बहुधा खिमा असतो, नाव काहीही असो.

पोटोबा
अ‍ॅलर्जीचं मान्य. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर "वोक धुऊन घ्या" एवढ्यावर विसंबू नका, तिथे जाऊच नका. बाकीच्यांसाठी माझं मत कायम, फक्त फ्राइड राइस वगळून.

भातविरोधी
आणि पार्सलही वगळून. गरम डबा बंद करून बॅगेत टाकला की तो त्या पातेल्यासारखाच कोमट राहतो. दोन तासांत खाऊन होणार नसेल तर घेऊच नका.