मदत हवी आहे: स्कीम भाषेत कोड फंक्शनल लिहू की इम्परेटिव्ह?

मंडळी, गाईल स्कीममध्ये (स्कीम या प्रोग्रामिंग भाषेची एक आवृत्ती) 10 लाखांपर्यंतच्या मूळ संख्या काढायच्या आहेत. पहिला कोड फंक्शनल आहे, म्हणजे जुनं न बदलता नवं बनवत जाणारा: लिस्टमधली पहिली संख्या घ्यायची, तिच्या पटीतल्या संख्या 'फिल्टर'ने गाळायच्या, उरलेल्या लिस्टवर पुन्हा तेच. वाचायला सुरेख, पण दर मूळ संख्येला नवी लिस्ट बनते, उरलेल्या प्रत्येक संख्येला भागून बघावं लागतं, आणि प्रोग्राम रेंगाळतो. दुसरा इम्परेटिव्ह, म्हणजे जागेवरच बदल करणारा: त्यात एकच व्हेक्टर (क्रमांकाने गाठता येणाऱ्या जागांची रांग), 'डू' लूप आणि 'व्हेक्टर-सेट!'ने पटींच्या जागा खोडणं. भागाकार नाहीच, उत्तर चटकन येतं.

साध्या बेरजा-मोजण्या मी 'नेम्ड लेट'नेच (स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या लूपने) करतो. टेल कॉलने (फंक्शनचं शेवटचं काम म्हणून केलेल्या कॉलने) स्टॅक वाढत नाही, त्यामुळे तिथे व्हेरिएबलची किंमत बदलणारं 'सेट!' लागतच नाही. अडलंय ते फक्त मूळ संख्यांच्या या चाळणीत.

व्हेक्टर फंक्शनच्या आतच बनवला आणि शेवटी लिस्ट परत दिली, तर वापरणाऱ्याला बदल दिसणारच नाही. अनुभवी स्कीमवाले अशी आतली खाडाखोड बिनधास्त करतात का? आणि पुढे मूळ संख्या सापडताच कॉलबॅक (वापरणाऱ्याने दिलेलं फंक्शन) बोलावला, त्यात कुणी 'कॉल/सीसी'ने (प्रोग्राममधली जागा पकडून ठेवून नंतर तिथे परतायची सोय) मागे उडी मारली, तर खोडलेला व्हेक्टर पूर्ववत होणार नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? कोडसकट सांगितलंत तर फार बरं होईल.