नकाशावरचा ठिपका म्हणजे परत मिळालेली गाडी नव्हे: चोरीविरोधी ट्रॅकर घ्यावा की नाही?

सह्यकडा
दोन-तीन हजारांत मिळणारा जीपीएस ट्रॅकर 'गाडी चोरीला गेली तरी परत मिळेल' असं सांगून विकला जातो. माझ्या मते ही ग्राहकाची दिशाभूल आहे. त्या डबीत उपग्रहाचा सिग्नल घेणारा रिसीव्हर असतो, मोबाइल नेटवर्कवर जागा कळवणारा मोडेम आणि सिम असतं, आणि वायर तोडली तर दोन-तीन तास टिकेल अशी छोटी बॅटरी असते. त्यातून नकाशावर ठिपका मिळतो. त्या ठिपक्यापर्यंत रात्री दोन वाजता कोण जाणार, हे मात्र त्या किमतीत धरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट जॅमरची. जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्‌झचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये बसणारा जॅमरही तो बुडवतो. आपल्याकडे सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे, पण जो गाडीच चोरतो तो त्यासाठी थांबणार नाही. तेवढेच पैसे दुचाकीला जाड साखळी आणि डिस्क लॉकवर, कारला गिअर लॉकवर घाला. चोराला हवा असतो वेळ. कुलूप तो वेळ खातं, ट्रॅकर खात नाही.

रिले ८७
साफ असहमत. शंभरातल्या फार थोड्या चोऱ्या जॅमर घेऊन होतात. दुचाकी उचलणारा हँडल लॉक झटक्यानं तोडतो, वायर जोडतो आणि निघतो. ट्रॅकर फसतात ते बहुतेक करून बसवणाऱ्याच्या हातामुळे.

नेहमीच्या ट्रॅकरला चार वायर असतात: लाल बॅटरीची, काळी अर्थची, तिसरी इग्निशनची आणि चौथी इंजिन बंद करणाऱ्या रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची. बसवणारा घाईत इग्निशनची वायर सोडून देतो. मग गाडी उभी आहे हे डबीला कळत नाही आणि ती झोपेत जात नाही. झोपेत न गेलेला ट्रॅकर सरासरी ३५ मिलीअँपिअर खातो असं धरा, म्हणजे दिवसाला ०.८४ अँपिअर-तास. स्कूटरची बॅटरी ४ अँपिअर-तासाची असेल तर तिसऱ्या दिवशी सेल्फ लागत नाही, पाचव्या दिवशी ती पार रिकामी. मालक वैतागून ट्रॅकर काढून टाकतो आणि दोष डबीला. तीच वायर नीट जोडली, झोपेतला करंट ५ मिलीअँपिअरवर आला, की महिनाभराचा हिशोब बसतो.

डबी बॅटरीशेजारी ठेवू नका, चोर तिथेच पहिल्यांदा हात घालतो. स्कूटरच्या पुढच्या एप्रनच्या (हँडलखालच्या पॅनेलच्या) आत ठेवा, अँटेनाची बाजू आकाशाकडे. वर प्लास्टिक चालतं, पत्रा चालत नाही. बॅटरीच्या टोकाशी १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज हवाच. जोड पिळून टेप मारलेले नकोत, सोल्डर किंवा क्रिंप करा. आणि वरून कंपनीच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) असते तशीच कापडी टेप गुंडाळा, म्हणजे नवी वायर डोळ्यात भरत नाही. कारसाठी ओबीडी पोर्टमध्ये (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो त्या सॉकेटमध्ये) खोचायचे ट्रॅकर चोरीच्या कामाचे नाहीत, ते दोन सेकंदांत उपटले जातात.

मोटर दावा
विम्याच्या बाजूनं एक हिशोब मांडते, कारण 'ट्रॅकर लावा, प्रीमियम कमी होईल' हेही विक्रीत सांगितलं जातं. सवलत आहे, पण किती? एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता असलेलं चोरीविरोधी उपकरण असेल तर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या २.५ टक्के, आणि कारसाठी जास्तीत जास्त ५०० रुपये. प्रीमियम १२,००० असेल तर सवलत होते ३०० रुपये. ट्रॅकरचं वर्षाचं सिम आणि सर्व्हरचं भाडं बहुधा त्याहून जास्त. शिवाय बाजारातल्या बऱ्याच डब्यांना ती मान्यताच नाही, त्यामुळे आधी प्रमाणपत्र मागा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे उशिरा सापडलेली गाडी. गाडी मिळालीच नाही तर पोलिसांच्या 'अ समरी' (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही) अहवालानंतर, दोन्ही चाव्या जमा करून आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, मिळते. तीन वर्षं पूर्ण होऊन चौथं चालू असलेल्या गाडीला ४० टक्के घसारा धरलेला असतो, पण पैसे येतात तरी. दावा मिटायच्या आत गाडी सापडली, तीही चाकं, म्युझिक सिस्टिम आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढलेली, तर तो दुरुस्तीचा दावा होतो. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागांवर निम्मी कपात सोसावी लागते. म्हणून माझ्या मते रिकव्हरीला अर्थ आहे तो पहिल्या काही तासांत. ट्रॅकर घ्यायचा तर त्या तासांसाठी घ्यावा.

सह्यकडा
माझा मुद्दाच मोटर दावांनी सिद्ध केला. त्या काही तासांत पळायला माणूस हवा.

चोरीची गाडी शोधणाऱ्या लोजॅक या यंत्रणेचं उदाहरण बघा. १९८६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालं. गाडीत लपवलेला छोटा रेडिओ, १७३.०७५ मेगाहर्ट्‌झवर, जीपीएस नाहीच. दिशा दाखवणारे रिसीव्हर थेट पोलिसांच्या गाड्यांत बसवलेले. मालकानं तक्रार दिली आणि ती पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत चढली की रेडिओ आपोआप जागा व्हायचा. व्हीएचएफ (जीपीएसपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीची) लहर असल्यामुळे बंद गॅरेजमधून, कंटेनरमधूनही बऱ्यापैकी बाहेर पडायचा. काचेवर स्टिकर नाही, त्यामुळे कुठल्या गाडीत आहे हे चोराला कळायचं नाही. एअर्स आणि लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की जिथे लोजॅक आलं तिथे एकूण वाहनचोरीच घटली, आणि फायद्याचा मोठा वाटा ज्यांनी ते बसवलंच नव्हतं त्यांना मिळाला. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

मुंब्रा बायपास
लोजॅकचं पुढचंही सांगा. २०१६ मध्ये ती कंपनी कॅलॅम्पनं घेतली आणि २०२१ मध्ये अमेरिकेतला धंदा स्पायरिऑनकडे गेला. सगळं मोबाइल नेटवर्क आणि जीपीएसकडेच सरकलं. महाराष्ट्रात प्रत्येक पोलीस ठाण्याच्या गाडीत वेगळा रिसीव्हर बसवून तो चालू ठेवायचा खर्च कोण उचलणार?

आणि ट्रॅकर चालतो की नाही हे ट्रकवाल्यांना विचारा. तिथे ठिपक्याकडे चोवीस तास कोणीतरी बघत असतं. रात्री अकरानंतर इग्निशन चालू झालं, गाडी जिओफेन्सबाहेर (नकाशावर आखलेल्या हद्दीबाहेर) पडली किंवा डबीची मुख्य वायर कापली गेली, की पुढच्या मिनिटाला ड्रायव्हरला फोन जातो. जॅमर लावला तरी सिग्नल अचानक गप्प होणं हाच आमच्यासाठी अलार्म. मोठ्या गाडीत मी दोन डब्या सुचवतो. एक वायरवरची, सहज सापडेल अशी. दुसरी स्वतःच्या बॅटरीवरची, चेसिसच्या पोकळीत किंवा बॉडीच्या लाकडामागे, दिवसातून एक-दोनदाच जागी होऊन जागा कळवणारी. ती गप्प असते तेव्हा शोधणाऱ्या यंत्रालाही सापडत नाही. बस-टॅक्सीसारख्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या ट्रॅकरच्या सरकारी मानकाची सक्ती २०१९ पासून आहे. त्यात मुख्य वीज तोडल्यावर निदान ४ तास चालणारी बॅटरी आणि आतच बसवलेलं सिम लागतं. खासगी गाडीसाठीही हेच किमान मोजमाप धरा.

२जीवरच्या स्वस्त डब्या आता घेऊ नका. जिओचं २जी नाहीच, आणि बाकीच्यांचं किती वर्षं राहील त्यावर पैसे लावण्यात अर्थ नाही. ४जी कॅट-१ (अशा छोट्या यंत्रांसाठीचा ४जीचा साधा प्रकार) घ्या.

नोंदवही
ठिपका दिसल्यावर लोक जे करतात ते मला जास्त भीतीचं वाटतं. मित्र जमवून स्वतः जाऊ नका. ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर, रंग आणि लाइव्ह लिंक द्या. हद्दीचा वाद आला तर बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. चोरीचं कलम बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ३०३(२).

जीपीएसची अचूकता मोकळ्यावर ५ ते १० मीटर. दाटीवाटीच्या गल्लीत तेवढ्यात चार गाळे येतात, आणि तळघरात गाडी गेली की दिसतो तो आत शिरण्याआधीचा शेवटचा ठिपका. कुणाचं शटर उघडायचं हे पोलिसांना ठरवता यावं म्हणून फक्त शेवटची जागा न देता गेल्या दोन तासांचा सगळा मार्ग, वेळेसकट, काढून द्या. पुढे कोर्टात तो पुरावा म्हणून लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल. गाडी मिळाल्यावर ती ठाण्याच्या आवारात गंजू देऊ नका. बीएनएसएसच्या कलम ५०३ खाली सुपुर्दनाम्यासाठी, म्हणजे गाडी तात्पुरती ताब्यात मिळण्यासाठी, कोर्टात लगेच अर्ज करा. वाहनं ठाण्यात पाडून ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे.

सह्यकडा
मग ॲपलचा एअरटॅग, म्हणजे आजूबाजूच्या आयफोनवरून जागा कळवणारा ब्लूटूथ टॅगच का नको? भाडं नाही, सिम नाही, नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी वर्षभर चालते.

रिले ८७
कारण तो चोराला सांगतो. पाठलागाविरुद्धचा इशारा म्हणून सोबत फिरणारा अनोळखी टॅग आयफोनवर कळतो, आणि २०२३ पासून अँड्रॉइडवरही. शिवाय त्याची मर्यादा ६० अंश सेल्सिअस. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. तिसरी डबी म्हणून सीटखाली ठेवा, एकटीच नको.

इंजिन बंद करणाऱ्या रिलेबद्दलही सांगतो. तो पेट्रोल पंपाच्या वायरमध्ये टाकून धावत्या गाडीत चालवला तर ब्रेकचा व्हॅक्यूम आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, मागचा ट्रक आदळतो. स्टार्टरच्या सर्किटमध्ये घाला, म्हणजे गाडी एकदा थांबली की पुन्हा सुरू होणार नाही. जोडणी रिलेच्या ३० आणि ८७ए या पिनांवर (रिलेला वीज नसताना त्या जोडलेल्याच असतात), म्हणजे डबी मेली तरी मालकाची गाडी अडत नाही. आणि एसएमएसवर चालणाऱ्या डबीचा १२३४५६ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीआयएसए या सायबर सुरक्षा संस्थेनं मायकोडस एमव्ही७२० या ट्रॅकरबद्दल इशारा दिला होता. त्यात कारखान्यातूनच ठेवलेला मास्टर पासवर्ड निघाला, आणि तो माहीत असलेल्या कुणालाही दुसऱ्याच्या गाडीचं इंधन तोडता आलं असतं.

सह्यकडा
हे सगळं नीट करणारा बसवणारा तालुक्याच्या गावात मिळत नाही, म्हणून माझा सल्ला तोच: आधी साखळी, मग उरले तर ट्रॅकर. आणि विक्रेत्यानं खोक्यावर झोपेतला करंट, बॅटरीचे तास आणि रात्री फोन उचलणाऱ्याचा नंबर छापावा.

मुंब्रा बायपास
पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरी हवी असेल तर रात्रपाळीची माणसं ठेवावी लागतात, आणि मग वर्षाचं भाडं आजच्या दरात राहणार नाही. अडीच लाखांच्या बुलेटला लोक ते देतील. साठ हजारांच्या जुन्या स्कूटरला कोणी देणार नाही. तिथे सह्यकडांची साखळीच ठीक.