घरचा ग्रुप ‘वाडा – सगळे’ : क्लेवरून पेटलेली चर्चा (२ जुलै २०२४)

चिनू (सॅन होजे): गेला. शेवटी क्ले गेला. १३ वर्षं 😡

सुधाआत्या (पुणे): अगं बाई. कोण गेलं रे? नीट लिही. सकाळी सकाळी धस्स झालं.

मनू (पुणे): आजी, क्ले थॉम्पसन. एनबीएमधला बास्केटबॉलवाला. ठणठणीत आहे, सॅन फ्रान्सिस्कोची वॉरियर्स टीम सोडली फक्त.

सुधाआत्या: मग असं लिहावं ना आधी. आज पालख्या निघाल्या पुण्यातून, रस्ते बंद, दूध आलेलं नाही.

चिनू: डॅलसला गेला. ३ वर्षं, ५ कोटी डॉलर. बंटीदादा, तू आज काही बोलू नकोस.

बंटी (डॅलस): मी बोललोय का काही? 😄

बंटी: टेक्ससमध्ये त्याचं स्वागत असो, एवढंच.

विजूकाका (फ्रीमाँट): चिनू, शांतपणे वाच. पुढच्या मोसमात एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा १४ कोटी ६ लाख डॉलर. पण आपल्याकडचा जुना खेळाडू ती मर्यादा ओलांडूनही ठेवता येतो. त्याला बर्ड राइट्स म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून. तेव्हा ‘मर्यादेमुळे सोडावं लागलं’ हे कारण कुणी देऊ नये.

अण्णा (पुणे): सुप्रभात 🙏 *(फोटो: रोहित, हातात वर्ल्ड कप)*

मनू: अण्णा, रविवारपासून हाच फोटो.

अण्णा: पाठवणार. १७ वर्षं थांबलोय.

चिनू: अण्णा, त्याच रोहितचं कर्णधारपद मुंबईने काढलं तेव्हा तुम्ही टीव्ही लावायचं सोडलं होतंत. आज माझं तसं झालंय, समजून घ्या.

अण्णा: ते वेगळं. रोहितला संघातून कुणी हाकललं नाही.

चिनू: क्लेलाही हाकललं नाही हो. ताटकळत ठेवलं. आधी दुसऱ्या टीमच्या पॉल जॉर्जच्या मागे धावले. तो फिलाडेल्फियाला गेला, ४ वर्षांचे २१ कोटी २० लाख घेऊन. तोवर घरचा माणूस बसलाय फोनकडे बघत.

मनू: पण पैसेच नसतील तर? आयपीएलमध्ये १०० कोटींची पर्स संपली की विषय संपला.

विजूकाका: मनू, तिथे पर्स म्हणजे भिंत. इथे मर्यादा ओलांडता येते, फक्त वर कर भरायचा. बर्ड राइट्सबद्दल वर लिहिलं आहे ते वाच.

बंटी: बाबा, कर भरायचा कुणी आणि कशासाठी? गेल्या मोसमाचा नुसता लक्झरी टॅक्स साडेसतरा कोटींच्या वर गेला. लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. आणि संघ विभागात आला दहावा. सॅक्रामेंटोमधल्या शेवटच्या सामन्यात साहेबांनी १० शॉट मारले, आत किती गेले?

चिनू: शून्य. माहितेय. काका आणि मी शेजारी बसून बघितलाय तो सामना. तू आला नव्हतास.

बंटी: मी दीड हजार मैलांवर राहतो चिनू.

चिनू: तेच म्हणतोय.

सुधाआत्या: विजू, गोडा मसाला मिळाला का रे? कुरियरवाला पोचला म्हणतो.

चिनू: आणि १० पैकी शून्य बोलायचं असेल तर २०१९ ची फायनलही बोला. गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, ड्रेसिंग रूमकडे गेलेला माणूस परत कोर्टवर आला आणि दोन्ही फ्री थ्रो टाकून गेला. मग २०२० मध्ये टाचेचा स्नायुबंध. ९४१ दिवस बाहेर. परत आला आणि २०२२ ला चौथं विजेतेपद.

बंटी: सगळं मान्य. त्या गुडघ्यासकट टीमने ५ वर्षांचे १९ कोटी दिले होते, तेही मान्य कर. दोन मोसम एकही सामना न खेळता पूर्ण पगार. आता वय ३४. बाकावरून यायची वेळ आली तर चेहरा पडला त्याचा.

रेवा (डॅलस): शिवाय कॅलिफोर्नियात राज्याचा आयकर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, इथे शून्य. तिथले ५ कोटी आणि इथले ५ कोटी सारखे नसतात.

चिनू: वहिनी, हे गणित आम्ही २०२१ मध्ये ऐकलंय. तुमच्या डॅलसच्या घराच्या वेळी. पाठ आहे आता.

रेवा: *हा मेसेज हटवण्यात आला आहे*

मनू: 👀

विजूकाका: रेवा, एक दुरुस्ती. बाहेरगावच्या सामन्यांचा कर त्या त्या राज्यात भरावा लागतो. ८२ पैकी ४१ सामने बाहेर. म्हणजे पूर्ण सूट धरू नका.

विजूकाका: आणि पुन्हा सांगतो. आपल्याकडचा जुना खेळाडू मर्यादा ओलांडूनही ठेवता येतो. त्याला बर्ड राइट्स म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून. तेव्हा ‘मर्यादेमुळे सोडावं लागलं’ हे कारण कुणी देऊ नये.

मनू: काका, हे दुसऱ्यांदा आलं.

विजूकाका: कुणी वाचत नाही म्हणून.

मनू: मी वाचलं. मग मर्यादा नाही तर अडलं कुठे?

विजूकाका: शाब्बास. टीममधल्या तिघांचे पगार बघ. करी ५ कोटी ५८ लाख, विगिन्स २ कोटी ६३, ग्रीन २ कोटी ४१. तिघांचे १० कोटी ६२. म्हणजे मर्यादेचा तीन चतुर्थांश तिघांनीच खाल्ला. १७ कोटी ८ लाखांनंतर कर सुरू. १७ कोटी ८१ लाखांवर पहिला ॲप्रन, म्हणजे आणखी कडक मर्यादा, १८ कोटी ८९ लाखांवर दुसरा. २०२३ च्या नव्या करारापासून हा दुसरा ॲप्रन फार जाचक. तो ओलांडला की अदलाबदलीत दोघांचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचा हक्क, गोठतो. पैसेवाला मालकसुद्धा तिथे हातपाय बांधून बसतो.

विजूकाका: म्हणून ३ कोटींचा ख्रिस पॉल परवा सोडून दिला. आणि बाहेरच्या मेल्टनला, मर्यादेच्या वरही वापरता येते त्या १ कोटी २८ लाखांच्या सवलतीतून घेतायत. ती सवलत पूर्ण वापरली की वर्षभर पहिल्या ॲप्रनच्या वर जाता येत नाही.

मनू: म्हणजे मेल्टन की क्ले, असं होतं?

विजूकाका: तसं थेट नाही. पण क्लेला वर्षाला साधारण १ कोटी ६७ लाख मिळणार तिकडे. एवढे इथे बसले असते, थोडी ओढाताण करून. बसवायचे नव्हते. तो त्यांचा निर्णय. नियमावर ढकलू नये, माझं म्हणणं एवढंच.

अण्णा: विजू, ऑडिटमधून निवृत्त झालास पण ऑडिट काही सुटलं नाही.

चिनू: काकांनी सगळं बोलून टाकलं. बसवायचे नव्हते! गेल्या वर्षी २ वर्षांचे ४ कोटी ८० लाख देऊ केले म्हणे, त्याने नाही म्हटल्यावर विषयच बंद. आणि आता म्हणणार तो सोडून गेला.

बंटी: थांब. मघाशी तू म्हणत होतास ‘गेला’. रागावला होतास तू त्याच्यावर.

चिनू: टीमवर रागावलोय.

बंटी: मग जाणाऱ्याला दोष देऊ नकोस. जिथे नीट बोलावलं, तिथे गेला. डॅलस आत्ताच फायनल खेळलंय.

मनू: १–४ हरून 😂

बंटी: मनू, तू अभ्यास कर.

चिनू: जाणाऱ्याला दोष नाही. पण मागे राहणाऱ्यांनी सगळं बघायचं आणि जाणाऱ्याने सणावारी व्हिडिओ कॉल करायचा, हे बरं आहे.

बंटी: हे क्लेबद्दल आहे का?

चिनू: तुला काय वाटतं?

रेवा: चिनू भावजी, बाबांना आम्ही तीनदा म्हटलं इकडे चला. विचारा त्यांना. ग्रुपवर नको हे.

सुधाआत्या: अरे मुलांनो.

विजूकाका: आपल्याकडचा जुना खेळाडू मर्यादा ओलांडूनही ठेवता येतो. त्याला बर्ड राइट्स म्हणतात, बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून.

मनू: काका 🙏

विजूकाका: सुधा, मसाला मिळाला. डबा थोडा फुटला होता, वास मस्त आहे. चिनू, गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी उबरने जाईन. तू कामावरून धावत येऊ नकोस.

चिनू: सुट्टी आहे गुरुवारी काका, ४ जुलै. दवाखानाही बंद असेल. नीट बघा, पुढचा गुरुवार असेल. मीच नेणार.

बंटी: चिनू, थँक्स.

चिनू: हं.

अण्णा: तो चेंडूवाला मुलगा परत सॅन फ्रान्सिस्कोत खेळायला येणार की नाही?

बंटी: येणार अण्णा, डॅलसचा संघ येईल तेव्हा. वेळापत्रक ऑगस्टमध्ये लागेल. मी येईन त्या सामन्याला. चिनू, चार तिकिटं काढशील? बाबांसकट.

चिनू: काढतो. डिसेंबरच्या सामन्याचे तुझे पैसे अजून यायचेत, ते आधी टाक.

बंटी: टाकले होते ना?

चिनू: रेवावहिनी, टाकले होते का?

रेवा: नाही टाकलेले. आत्ता टाकते.